जळक्या डोंगराची खतावणी

दूध संस्थेचं दप्तर तपासायला बसलो की मी किर्द, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, सगळ्यात शेवटी उघडतो. आधी दहा-दहा दिवसांच्या दूध बिलांचा गोषवारा मागतो. किर्द माणूस लिहितो, आणि ऑडिटरपुढं काय ठेवायचं हे माणसाला चांगलं कळतं. म्हशीला कळत नाही. त्यामुळं गावाचं वर्ष खरं कसं गेलं ते लिटरच्या रकान्यात दिसतं. लग्नसराईत संकलन पडतं, कारण दूध घरातच लागतं. गणपतीच्या पुढं म्हशी व्यायला लागल्या की चढतं. तीस वर्षं हेच बघतोय.

गेल्या मे महिन्याच्या शेवटी राधानगरीच्या वरच्या अंगाला, दाजीपूरच्या रस्त्यावरून आत गेलेल्या एका गावात असाच बसलो होतो. बारकी संस्था. पत्र्याची खोली, भिंतीला शाहू महाराजांचा फोटो, कोपऱ्यात फॅट काढायचं मशीन आणि त्यावर टाकलेला टॉवेल. मार्चच्या मध्यापर्यंत आकडे सरळ होते. पुढच्या बिलात घसरले, त्याच्या पुढच्यात आणखी, आणि एप्रिलभर वर आलेच नाहीत. मी पेन्सिलीनं खूण केली. लाळ्या-खुरकूत आली होती का, असं विचारणार होतो, तेवढ्यात सेक्रेटरीनं मान वर न करताच सांगितलं, "डोंगूर जळला न्हवं का, साहेब."

मला माहीत होतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी त्याच डोंगरावर होतो.

आमचा कोल्हापुरात सहा-सात जणांचा रविवारचा कंपू आहे. सगळे पन्नाशीच्या पुढचे, गुडघ्याला पट्टे, पाठीवर पोरांच्या जुन्या सॅक. पन्हाळा ते पावनखिंड आम्ही पावसाळ्यात चालतो, पण खरी मजा थंडी संपता संपता असते. आभाळ स्वच्छ, वाटा कोरड्या, गवत कमरेएवढं आणि सोनेरी. त्या दिवशी राधानगरी अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या मालकीच्या रानातून एका सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट माळावर, चाललो होतो. साडेअकराच्या सुमाराला खालच्या अंगानं धूर दिसला. कुणीतरी बांध पेटवला असेल म्हणून आम्ही शेंगदाणे खात बसलो. मग वारं फिरलं आणि आवाज आला. वाळक्या पाचटावरनं शंभर माणसं एकदम धावत यावीत, तसा तो आवाज.

आग उतारावर रांगते आणि चढाला धावते. खालचा जाळ वर कलतो आणि पुढचं गवत आधीच भाजून तयार ठेवतो, म्हणून. आम्ही चढाच्या वर होतो.

सड्यावर उघडा कातळ होता म्हणून आज हे लिहितोय. कातळावर जाऊन उभे राहिलो, जाळ दोन्ही बाजूंनी फुटून गेला. तोवर गावातली माणसं वर आली होती. बायका जास्त. हातात ओल्या डहाळ्या, दोघींकडं भिजवलेली पोती. आम्हीही डहाळ्या मोडल्या आणि जोरात झोडपायला लागलो, तशी एक म्हातारी ओरडली, "उचलू नगासा! ठिणगी उडत्या. दाबा आन् वडा!" म्हणजे डहाळी डोक्यावर न्यायची नाही. जाळाच्या कडेवर दाबायची आणि जळलेल्या बाजूला आत ओढायची. हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. तिथल्या सात-आठ वर्षांच्या पोराला ते येत होतं.

दोन-अडीच तासांनी आग ओढ्याला अडली. माझं एकूण नुकसान म्हणाल तर उजव्या बुटाचा तळ. गरम राखेवरून चालताना डिंक सुटला आणि बूट तोंड उघडून हसायला लागला. तो सुतळीनं बांधून मी खाली उतरलो. गावाच्या वरच्या माळावर मात्र गवताच्या गंज्या पेटल्या होत्या. गंजी पेटली की पाणी मारून विझत नाही. वरून काळी पडते आणि आत दोन-दोन, तीन-तीन दिवस धुमसत राहते. मालक शेजारी बसून राहतो, कारण रात्री वारं सुटलं तर ठिणगी गोठ्यावर जायची.

आता सेक्रेटरीच्या आकड्यांकडं येऊ. डोंगर फेब्रुवारीत जळाला, मग दूध मार्चच्या मध्यात का पडलं? आमच्याकडं थंडीभर जनावरांच्या पुढं उसाचं वाडं, म्हणजे तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे, असतं. कारखाने चालू आहेत, तोडी चालू आहेत, तोवर वाड्याला तोटा नाही. मार्चमध्ये एकेक धुराडं थंड होतं आणि वाडं संपतं. तिथून मिरगापर्यंतचे अडीच-तीन महिने म्हैस जगते ती कडब्यावर आणि डोंगराच्या गवतावर. दिवाळीनंतर कापून गंज्या लावून ठेवलेलं हेच गवत. त्यामुळं आगीनंतरचे पंधरा-वीस दिवस काही झालंच नाही असं वाटत होतं. गोठ्यात वाडं होतं, चरवीत दूध होतं. वाडं संपलं आणि मग आग लागली, म्हणा ना. विकतच्या पेंढ्या आणायच्या तर सगळ्या गावांची गरज एकाच वेळची, त्यामुळं विकणाऱ्यानं भाव सांगावा आणि आपण टेम्पो भरावा. दोन घरांनी म्हशी काढल्या. काढल्या म्हणजे विकल्या. आमच्याकडं 'विकली' म्हणायला जीभ वळत नाही.

वर धनगरवाडा आहे. त्यांच्या म्हशी उभ्या गवतावर चरतात, त्यांच्याकडं गंजीही नसते. ते लोक जनावरं घेऊन खालच्या अंगाला पाहुण्यांकडं गेले ते पाऊस पडल्यावर परत येणार. त्यांचं दूध संस्थेत येत नाही, खवा होऊन जातं. म्हणजे माझ्या रकान्यात ते दिसतच नाहीत.

कोल्हापूरकराला पाण्याचा हिशोब तोंडपाठ असतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, कुठल्या गल्लीत कुठल्या पायरीपर्यंत आलं, हे सुतारवाड्यातलं शेंबडं पोर सांगेल. भिंतींवर रंगानं रेघा मारलेल्या आहेत. तसा वणव्याला बंधारा नाही. तो किती फुटांवर आला म्हणजे धोका, हे कुणी ठरवलेलं नाही. उलट मार्चमध्ये संध्याकाळी लांबच्या डोंगरावर जाळाची माळ दिसली की रंकाळ्यावर भेळ खाणारी माणसं मोबाइल काढतात. "काय भारी दिसतंय रं!" मीही काढलेत असे फोटो. चांगले आलेत.

बरं, जाळाचा हिशोबच आम्हाला येत नाही असंही नाही. ऊस जळाला तर टनावर बोलणं होतं. जळका ऊस लगेच तोडून गाळला नाही तर वजन घटतं, साखर उतारा पडतो, म्हणून तोडीचा नंबर पुढं आणायला धावपळ होते, बिलात कपात होते, तोडणीवाल्यांना वर द्यायची खुशाली वेगळी. काही ठिकाणी तोडणी सोपी व्हावी म्हणून मुद्दाम पाला पेटवतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे उसाच्या आगीला कपातीचा दर आहे, भांडण आहे, मोर्चासुद्धा आहे. डोंगराच्या आगीला यातलं काही नाही. त्या गावात आगीनंतर पंचनामा झाला तो एका कोसळलेल्या गोठ्याचा. घर, जनावर, पीक यांना पंचनाम्यात रकाना असतो. डोंगरावरचं उभं गवत पीक नव्हे. आणि गंजी? "गंजी ही साठवलेली वस्तू आहे," असं उत्तर मिळालं म्हणे. ऑडिटर म्हणून मला ते वर्गीकरण बरोबर वाटलं, आणि त्याचाच राग आला.

गंमत पुढं आहे. डोंगर काळा झाल्यावर गवे खाली उतरले. रात्री उसात, नाचणीच्या वाफ्यात. गव्यानं पीक खाल्लं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, तसा अर्ज आहे, फोटो आहे, रकाना आहे. मग दोघांनी गव्याच्या नुकसानीचा अर्ज केला. आगीनं जे गेलं त्यातलं थोडंसं असं गव्याच्या नावावर परत आलं. गव्याला याची कल्पना नसणार.

आग लावतं कोण? आपल्या सह्याद्रीत ती बहुतेक वेळा माणसाच्याच हातनं लागते. बिडी असते, बांध जाळताना सुटलेली असते, तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जागा भाजताना वाऱ्यानं नेलेली असते, शिकारीसाठी लावलेली असते. आणि मुद्दाम लावलेलीही असते, कारण डोंगर जाळला की पुढच्या पावसात गवत जोमानं येतं अशी समजूत पिढ्यान् पिढ्या आहे. शहरातली माणसं या समजुतीला हसतात. हसायचं कारण नाही, ती अर्धी खरी आहे. गवताचं मूळ जमिनीत शाबूत असतं. राख झाल्यावर पहिल्या पावसानं हिरवंगार फुटतं आणि डोळ्याला ते भरपूर दिसतं. मात्र दरवर्षी जाळत गेलं की पवना, मारवेल अशी जनावर आवडीनं खातं ती गवतं मागं पडतात आणि कुसळी माजते. कुसळी कोवळी असताना ठीक, एकदा कुसळं धरली की जनावर तोंड लावत नाही. मोज्यात घुसलेली तिची कुसळं काढत आमच्या कंपूची निम्मी रविवार संध्याकाळ जाते. म्हणजे गवत वाढावं म्हणून जाळायचं आणि वैरण घटवून घ्यायची. दहा-वीस वर्षांत होणारा बदल असल्यामुळं कुणा एकाला दोष लागत नाही. गंजी जळलेली दिसते, पवना गेलेला दिसत नाही.

हद्दीच्या आत वनखातं थंडीतच जाळरेषा काढतं, म्हणजे पट्ट्यातलं गवत आधीच जाळून ठेवतं, की पुढं आग आली तर तिला खायला काही उरू नये. उपग्रहानं आग टिपली की मोबाइलवर संदेश येतो. हे चांगलंच आहे. पण उपग्रह डोक्यावरून जायचा त्याच्या वेळेला जातो आणि गवताची आग तासाभरात डोंगर संपवते. हद्दीबाहेरच्या मालकीच्या रानात तर जाळरेषाही नाही. सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, निम्मी मुंबईला. गवत कुणाचं ते सांगता येतं, जाळपट्टा कुणी काढायचा ते सांगता येत नाही.

आम्ही डोंगर चढणारे स्वतःला या सगळ्यातून वेगळे काढतो. मला ते आता जमत नाही. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेली माणसं वणव्यात सापडली. वीसहून अधिक गेली. वाळलं गवत, चढ आणि वारं, दुसरं काही लागत नाही. त्यानंतर तमिळनाडूनं ट्रेकिंगची नियमावली केली. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत कर्नाटकातलं बंदीपूरचं जंगल पेटलं आणि सफारी बंद ठेवावी लागली. आपण बातमीत किती हेक्टर जळालं ते वाचतो. वाट बंद झाली की पायथ्याचा चहावाला, जीपवाला, वाट दाखवणारा पोरगा घरी बसतो. तो हेक्टरात मोजला जात नाही.

आमच्यातल्या एकाचा मुलगा कॅनडात कॅलगरीला असतो. २०२४ च्या जुलैमध्ये तो बायकापोरांना घेऊन जॅस्परला जाणार होता. राष्ट्रीय उद्यानाच्या आतलं हे छोटं शहर, पर्यटनावरच जगणारं. २२ जुलैच्या रात्री सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. गावात पाच हजार रहिवासी, पण उद्यानातून निघालेली माणसं पंचवीस हजारांच्या घरात. दोन दिवसांनी आग शहरात शिरली आणि जवळजवळ एक तृतीयांश इमारती गेल्या. मुलाला बुकिंगचे पैसे परत मिळाले. तो म्हणत होता, "काका, दुकानं-हॉटेलं बऱ्यापैकी वाचली, जळाली ती जास्त करून राहती घरं." मला यातली ग्यानबाची मेख लगेच दिसली. हॉटेल उभं आहे, पाहुणा यायला तयार आहे, पण खोल्या झाडणारा आणि स्वयंपाक करणारा राहणार कुठं? आपल्याकडं उलटं होतं. माणसं घरातच असतात, पाहुण्यानं यावं असं जे होतं ते जळालेलं असतं.

माझ्या खतावणीतली एक नोंद इथंच सांगून टाकतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही मसाई पठारावर रात्रीचा मुक्काम केला होता. तीन दगडांची चूल, पिठलं, भाकऱ्या घरच्या. सकाळी पाणी संपलं होतं. निखाऱ्यांवर माती लोटली, बुटानं दाबली आणि निघालो. दुपारी घरी येऊन आंघोळ केली. संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, त्या बाजूला धूर दिसतोय. त्या दिवसांत धूर सगळ्याच बाजूंना दिसतो. आमची चूल कुठं, धूर कुठं, वाऱ्याची दिशा काय, यावर आम्ही कट्ट्यावर तासभर वाद घातला आणि आमचा संबंध नाही असं सहा विरुद्ध शून्य मतांनी ठरवलं. हिशोबात जी रक्कम कुठल्या खात्याची ते कळत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्याला टाकतो. नियम असा की वर्ष संपायच्या आत तिचा निकाल लावायचा. माझी ही नोंद बारा वर्षं पुढं ओढली जातेय.

दप्तर संपवून त्या रात्री मी गावातच राहिलो. एका पोरानं घराला लागून दोन खोल्या बांधल्यात. दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य १९५८ सालचं, पुढं १९८५ ला ते वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, २०१२ ला पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तेव्हापासून या रस्त्याला शनिवार-रविवार गाड्या येतात. पोराच्या दोन खोल्यांवर किती घरं आहेत ते जेवताना मोजलं. भाकऱ्या शेजारची मावशी थापते, भाकरीमागं पैसे. कोंबडी धनगरवाड्यावरची. जीप चुलत्याची. सकाळी पाहुणे परत जाताना वळणावर दोन म्हाताऱ्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसायच्या. यंदा एकच होती. फेब्रुवारी म्हणजे करवंदीला कळी-फूल धरायचा काळ. डोंगराच्या वरच्या अंगाच्या जाळ्या करपल्या, त्यामुळं दुसरीनं टोपली काढलीच नाही.

मेअखेर या भागात काजवे बघायला माणसं येतात. पोराकडं त्या रात्री पुण्याकडचे सहा जण होते. जेवणं उरकून आम्ही सगळे अंधारात गेलो. दरवर्षी तो डोंगराच्या कडेच्या एका ठरलेल्या जागी नेतो. तिथं बसलो, बॅटऱ्या बंद केल्या. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. ओढ्याच्या पलीकडं, जिथं आग अडली होती, तिथली झाडं लुकलुकत होती. आमच्या बाजूला चार-दोन ठिपके, तेही उडून पलीकडं जाणारे. "एवढेच?" कुणीतरी विचारलं. एकीनं घड्याळ बघितलं, तेच जास्त उजळ होतं.

मी बॅटरी पायाशी लावली. आग लागून तीन महिने झाले होते, वळवाचे दोन सडाके पडून गेले होते, जमीन अजून काळपट होती. आणि त्या काळ्यावर गोगलगायींचे रिकामे शंख पडलेले. पांढरेफेक, भाजून ठिसूळ झालेले, नखाएवढे आणि अंगठ्याएवढे. एक उचलला तर चिमटीत चुरा झाला. काजवा उडताना दिसतो तो थोडे दिवस. त्याच्या आधीचा बराच काळ त्याची अळी पाचोळ्याखाली, ओलसर मातीत असते आणि गोगलगायींवर जगते. पाचोळा जळाला, गोगलगाय भाजली, अळी कुठली राहणार? मी हे पोराला सांगायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो. त्यानं तो शंख माझ्या आधीच बघितला होता.

परत आल्यावर पाहुण्यांचं त्याच्याशी ओसरीवर हळू आवाजात बोलणं झालं. चांगली माणसं होती, आवाज चढवला नाही कुणी. पण काजवे दाखवतो म्हणून आगाऊ पैसे घेतले होते, आणि पोरगा सरळ. त्यानं निम्मे परत केले.

ते झोपायला गेल्यावर तो वही घेऊन माझ्याकडं आला. मागच्या वर्षी मीच त्याला म्हटलं होतं, धंदा करतोस तर जमा-खर्च लिहित जा. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, अक्षर सुबक. उजव्या बाजूला भाकरी, कोंबडी, डिझेल, सगळ्याला खातं होतं.

"काका, हे परत दिलेलं कुठल्या खात्याला टाकू?"

मी बराच वेळ विचार केला. तीस वर्षं लोकांना हेच सांगत आलोय.

"किरकोळ खर्चात टाक."

त्यानं बॅटरी दातात धरली आणि लिहून टाकलं.